दागिना खातं का कोणी?

मेनरोडवरच्या दुकानांत हलव्याचे दागिने लटकायला लागले की लोकांना संक्रांतीचं कौतुक वाटतं. माझं डोकं फिरतं. परवा भाजी घ्यायला म्हणून गेले, तर एका दुकानाच्या दारात काळं मखमली झबलं टांगलेलं, आणि त्यावर पांढऱ्याशुभ्र हलव्याचा हार, बाजूबंद, कंबरपट्टा, मुकुट, सगळा थाट. दुकानदार भला माणूस. "घ्या ना ताई, नातीचं बोरन्हाण असेल," म्हणाला. मी म्हटलं, "भाऊ, ही नुसती साखर आहे अशी एक चिठ्ठी का नाही लावत तुम्ही या खोक्यावर?" त्याला वाटलं मी गंमत करतेय. "अहो, साखरच असते ती, सगळ्यांना ठाऊक असतं," असं म्हणून हसला. सगळ्यांना ठाऊक असतं म्हणे! मी तिथून तरातरा निघाले आणि भाजी घ्यायची राहिलीच.

नाशिकचा जानेवारी मला एकेकाळी फार आवडायचा. सकाळी गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, धुकं, टपरीवर चहाच्या ग्लासाला दोन्ही हातांनी धरून उभी असलेली माणसं, बाजारात गाजरं, सोलाणे, बोरं, उसाची कांडकी. आणि द्राक्षं. या दिवसांत द्राक्षांचं क्रेट आलेलं नाही असं एक घर दाखवा मला नाशकात. कोणाचा मेहुणा पिंपळगावचा, कोणाची आत्या दिंडोरीची. माणूस भेटायला येतो तो द्राक्षं घेऊनच. वर तीळ, गूळ आणि हलवा. आपल्याकडे माया दाखवायची म्हणजे समोरच्याच्या हातावर काहीतरी गोड ठेवायचं आणि ते त्याने आपल्या डोळ्यांदेखत तोंडात टाकायचं. नुसतं खिशात घातलं तर राग येतो. मी आहारतज्ज्ञ आहे, सव्वीस वर्षं एका मोठ्या रुग्णालयात नोकरी करतेय, साखरेशी माझं जुनं भांडण. पण या मायेचा धसका बसला तो गेल्या वर्षीच्या संक्रांतीने.

आधी माझं काम काय ते सांगते, कारण ते कोणाला कळत नाही. आमच्या प्रशासकसाहेबांना तर नाहीच नाही.

काही मुलांना आकडी येते. फिट म्हणा, झटका म्हणा. बहुतेकांची औषधाने आटोक्यात येते. काहींची दोन-तीन औषधं करूनही थांबत नाही. अशा काही मुलांना एक वेगळा आहार देतात, त्याला कीटो म्हणतात. जिममधली मंडळी वजन उतरवायला जे करतात आणि त्याचे फोटो टाकतात, ते हे नव्हे. यात पोटात जाणारं बहुतेक सगळं तूप, तेल, लोणी, साय. थोडं अंडं, थोडं पनीर. आणि भात, पोळी, बटाटा, दूध, साखर यांना जवळजवळ रामराम. शरीर साखरेऐवजी चरबी जाळायला लागतं आणि बऱ्याच मुलांची आकडी कमी होते, काहींची चक्क थांबते. सगळ्यांची नाही. का थांबते, ते डॉक्टरांनाही अजून पुरतं सांगता येत नाही. पण मध्येच थोडी साखर पोटात गेली, तर महिन्याभराची मेहनत एका दुपारी पाण्यात जाऊ शकते.

डॉक्टर केसपेपरवर एक ओळ लिहितात, 'कीटो आहार सुरू करावा'. आमचे डॉक्टर चांगले आहेत, उगीच खोटं कशाला बोलू, त्यांच्याही दारात रांग असते. पण ती ओळ लिहायला त्यांना पाच सेकंद लागतात आणि पुढचे सहा महिने माझे जातात. मुलाचं वजन, वय, पोट किती, आवड काय, घरात रांधतं कोण. त्यावरून एकेका जेवणाचं गणित, ग्रॅममध्ये. अंडं एवढं, दुधी एवढा, तूप एवढं. विकतच्या सायीचा ब्रँड बदलला की सगळं पुन्हा. वजन अर्धा किलो वाढलं की पुन्हा. मुलाने पनीर थुंकलं की पुन्हा. आईला काटा वापरायला शिकवायचं, लघवीत पट्टी बुडवून, शरीर चरबी जाळतंय की नाही, ते रंगावरून कसं ओळखायचं ते शिकवायचं, आणि मुख्य म्हणजे तिच्या सासूला, जावेला, शेजारणीला, बालवाडीच्या बाईंना समजावायचं. चार-पाच द्राक्षं म्हणजे एका लहान मुलाच्या एका जेवणातली अख्खी साखर-पिष्टाची वाटणी संपली, हे नाशिकच्या माणसाला पटवायचं! करून बघा कधी. आणि साहेब म्हणतात, "मॅडम, चार्टच तर द्यायचा असतो ना? छापून ठेवा शंभर प्रती."

छापून ठेवा म्हणे. मी त्यांना एकदा म्हटलं होतं, "साहेब, तुमचा चष्माही छापून ठेवलेल्यांतलाच एक घालता का?" ते त्यांना आवडलं नाही.

सारिका माझ्याकडे आली ती त्या संक्रांतीच्या आधीची दिवाळी उरकल्यावर. पंचवीस-सव्वीस वर्षांची, बारीक चणीची, बोलायला फटकळ, मला लगेच आवडली. नवरा ओझरच्या कारखान्यात कंत्राटी कामगार, घर तिथेच जवळ. मुलगी ईश्वरी, तीन वर्षांची. तिची आकडी म्हणजे हातपाय झाडणं नाही. बसल्या बसल्या मान खाली टाकायची, फट्कन. दिवसाला तीस-पस्तीस वेळा. समोर ताट असेल तर ताटात, पायरी असेल तर पायरीवर. तीन औषधं झाली होती. सारिका म्हणाली, "मॅडम, मी हिला वर्षभर जमिनीवर एकटी बसवलेली नाही. कडेवर घेऊन भाकरी थापते."

पहिले आठ दिवस तिला वॉर्डात ठेवून सगळं शिकवलं. एका हाताने मुलीला धरून ती काट्यावर तूप मोजायची, आणि एक ग्रॅम जास्त झालं तर बोटाने परत डब्यात. या आहारात वाटीला लागलेलं तूपही पोटात जायला लागतं, म्हणून वाटी रबराच्या चमच्याने निपटून भरवायची. एकदा सासूबाई डबा घेऊन आल्या आणि हे बघून भडकल्या. "आवो मॅडम, दूध बंद, भात बंद, आन् नुसतं तूप? पोरीला काय पैलवान करायचीय का? आन् वाटी काय चाटायला लावता, आमच्या घरात खायला नाय का?" मी त्यांना तासभर बसवून घेतलं. तुमच्या नातीच्या मेंदूला साखर सोसत नाही, तूप सोसतं, असं पंचवीस प्रकारे सांगितलं. त्या तासात बाहेर सात पेशंट खोळंबले आणि माझ्या नावाने तक्रार गेली. पण म्हातारीला पटलं. जाताना म्हणाल्या, "मंग आमच्या म्हशीचं तूप आणते. लय चांगलं हाय."

तिसऱ्या आठवड्यात तीस-पस्तिसाचे दहा झाले. पाचव्यात दोन-तीन. मग एक दिवस सकाळी अकराच्या सुमाराला मी स्वयंपाकघरात पेशंटांच्या आमटीची चव बघत होते, तेवढ्यात फोन वाजला. सारिका काही बोलेचना. मी घाबरले. "अगं बोल ना, काय झालं?" तर म्हणाली, "कालपासून एकही नाही, मॅडम. मी तिला खाली बसवलीय. एकटी. ती भिंतीपाशी बसून भांडी वाजवतेय, ऐका." आणि फोन तिच्याकडे धरला. मी आमटीचा चमचा हातात धरून ताटलीचा खणखणाट ऐकत उभी राहिले आणि आमचा आचारी म्हणाला, "मॅडम, आमटी एवढी तिखट झालीय का?"

असं असतं हे काम. कोणी विचारलं की तुम्ही नोकरी का सोडत नाही, तर मला तो खणखणाट आठवतो.

आता माझ्या सणांच्या वहीबद्दल सांगते. या आहाराचं पुस्तक परदेशी, तिथल्या पुस्तकात केक असतो, चॉकलेट असतं. आपली साखर त्यांना कुठून कळणार? सत्यनारायणाच्या शिऱ्यातली कळते, सगळेच सांगतात. पण तीर्थातला मध? देवळातली खडीसाखर? पाडव्याची गाठी पोराच्या गळ्यात घालतात ती? बारशाच्या घुगऱ्या? बोरन्हाणाचे दागिने? ही यादी माझी मी केलीय. एकेका मुलाच्या एकेका झटक्यातून ती तयार झालीय, म्हणून तिची मला लाज वाटते आणि तिच्याशिवाय चालतही नाही. प्रत्येक सणाच्या आधी आठ दिवस मी एकेका घरी फोन करते. नुसतं 'गोड देऊ नका' सांगून भागत नाही. कोण येणार, काय विधी, ओवाळताना तोंडात काय घालणार, पाहुण्यांची पोरं काय हातात घेऊन फिरणार, असं सगळं खोदून विचारावं लागतं. एका फोनला पंधरा मिनिटं कुठेच गेली नाहीत. माझ्या यादीत तेव्हा अडतीस मुलं होती. शिवाय वॉर्डातले मधुमेहवाले, किडनीवाले, नळीने अन्न घेणारे, आणि स्वयंपाकघर. हे सगळं बघणारी मी एकटी. दुसरं माणूस द्या म्हणून चार अर्ज केले होते. चारही अर्ज एकाच उत्तराने परत आले: 'कामाचा भार कागदोपत्री सिद्ध होत नाही.'

गेल्या जानेवारीत आमच्याकडे बाहेरचं तपासणी पथक यायचं होतं. झालं! सगळं रुग्णालय रंगायला लागलं. कुंड्या आल्या, फिनेलचा वास सुटला, आणि मला फर्मान निघालं की आठ दिवस बाकी कामं बाजूला ठेवा आणि स्वयंपाकघराच्या फायली, बरण्यांवरच्या पट्ट्या, भिंतीवरच्या पाट्या बघा. मी सांगितलं, "संक्रांत तोंडावर आलीय, मला फोन करायचेत." साहेब म्हणाले, "कसले फोन? तुमच्या कामाच्या यादीत फोन कुठे आहे?" खरंच नव्हता. मग मी शिडीखाली उभं राहून भिंतीवर 'तुमचा आहार, आमची जबाबदारी' असं निळ्या रंगात लिहून घेतलं. पेंटरने 'जबाबदारी' दोनदा चुकवलं. मधल्या वेळात चोरून जमतील तेवढे फोन केले. वही जुन्या मुलांपासून सुरू होते. सारिका सगळ्यात नवीन, तिचं नाव शेवटच्या पानावर. तिच्यापर्यंत मी पोचलेच नाही.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बालविभागातून मला बोलावणं आलं. ईश्वरी पलंगावर आईला टेकून बसली होती आणि मी दारातून पलंगापर्यंत जाईतो तिने दोनदा मान टाकली. सारिकाचे डोळे सुजलेले. सासूबाई खाली जमिनीवर, पदर तोंडाला लावून.

सारिकाने सांगितलं ते असं. बोरन्हाण तिला नकोच होतं, पण आकडी थांबल्याच्या आनंदात सासूबाईंना ते करायचं होतं. बरं, सारिकाने किती काळजी घ्यावी? बोरं नाहीत, चुरमुरे नाहीत, गोळ्या-चॉकलेटं नाहीत. मुलीच्या डोक्यावरून झेंडूच्या पाकळ्या आणि कागदाची फुलं टाकली. आलेल्या पोरांचे खिसे तिने दारात तपासले. आळीतल्या बायका हसल्या तिला. तिळगुळाचा डबा कपाटात कुलपात. आणि आत्याने हौसेने दागिन्यांचा खोका आणला, नाशकातल्या द्वारका चौकातल्या दुकानातून. मुकुट, हार, बांगड्या. घातले. तासभर फोटो काढले. ईश्वरी एका जागी शांत बसली. सगळ्या म्हणाल्या, किती गुणाची पोर गं, हालत नाही की रडत नाही. कशी रडेल? हाताची मूठ तोंडात होती. दागिने उतरवायला घेतले तेव्हा डाव्या मनगटावर नुसता दोरा.

"दागिना खातं का कोणी, मॅडम?" सारिका मला विचारत होती. "मी खाण्याचं सगळं बघितलं. सगळं. दागिन्याचं माझ्या डोक्यातच आलं नाही."

माझ्या वहीत, संक्रांतीच्या पानावर, लाल शाईने 'दागिने' असं लिहून त्याखाली दोन रेघा मारलेल्या होत्या. ती वही माझ्या टेबलावर, माझ्या खणात. पंधरा मिनिटांचा एक फोन.

आणि केसपेपरवर काय लिहिलं होतं? 'पालक नॉन-कम्प्लायन्ट.' इंग्रजीत, मोठ्या अक्षरात. सारिकाने विचारलं, "याचा अर्थ काय हो?" मी सांगितला, की पथ्य पाळलं नाही. तिने पिशवीतून शंभर पानी वही काढली आणि माझ्या हातात दिली. सात आठवडे, रोजची चार जेवणं, प्रत्येक जिन्नस ग्रॅममध्ये, पट्टीचा रंग, मान किती वेळा टाकली, सगळं. एकही दिवस कोरा नाही. नवऱ्याचं बोट मशिनवर कापलं त्या दिवसाचीसुद्धा चारही जेवणं लिहिलेली. "मी नाही पाळलं?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही!

पण मेख पुढेच होती. आमच्याकडे एक नियम आहे. पथ्य दोनदा मोडलं की आहार बंद आणि ती जागा यादीतल्या पुढच्या मुलाला. जागा का, तर आहारतज्ज्ञ एक, म्हणून मुलं अडतीसच. ईश्वरीचं पहिल्यांदा कधी मोडलं होतं? डिसेंबरात खोकला झाला, गल्लीतल्या डॉक्टरांनी खोकल्याचं गोड औषध दिलं, सारिकाने दोन चमचे पाजलं आणि पट्टीचा रंग उतरल्यावर तिनेच मला फोन करून सांगितलं. तिने सांगितलं म्हणून कळलं, आणि कळलं म्हणून नोंद झाली. आता ही दुसरी. दुपारपर्यंत 'आहार बंद' करायचा फॉर्म माझ्या टेबलावर सहीला आला.

मी तो घेऊन साहेबांकडे गेले. साहेब शांत माणूस. म्हणाले, "भावनिक होऊ नका, मॅडम. प्रतीक्षा यादीत पहिलं नाव बघा." पहिलं नाव सुरगाण्याकडच्या मंजुळाबाईंच्या मुलीचं होतं, सोनीचं. "त्या पोरीचा हक्क नाही का? हिची जागा सुटली तर तिला मिळेल. तुम्हीच सांगा मग, कोणावर अन्याय करायचा?"

बघा म्हणजे! दोन आयांची झुंज लावून द्यायची आणि आपण पंच होऊन बाजूला उभं राहायचं. जागा दोन का नाहीत, हा प्रश्न त्या खोलीत कोणाच्या मनातसुद्धा आला नाही. माझ्या तोंडाशी फार वाईट शब्द आले होते. मी ते गिळले आणि फॉर्म खाली ठेवून लिहायला बसले. 'कारण' असं छापलेलं होतं त्या रकान्यात मी मराठीत लिहिलं: 'आईची चूक नाही. सणाआधी करायचा फोन माझ्याकडून गेला नाही. त्या आठवड्यात मी भिंतीवर पाटी लिहून घेत होते. सबब आहार बंद करू नये.' खाली सही, पूर्ण नाव.

साहेबांनी वाचलं. "मॅडम, हे तुम्ही स्वतःवर ओढवून घेताय. मला मेमो द्यावा लागेल."

"द्या की."

घरी नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, हात दाखवून अवलक्षण करून घेतलंस. असेल. पण डॉक्टरांनी माझ्या ओळीखाली 'आहार चालू ठेवावा' असं लिहिलं आणि ईश्वरीची जागा राहिली. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. सासूबाई आता स्वतः काट्यावर तूप मोजायला लागल्या आणि सुनेवर नजर ठेवायला लागल्या. बाजारात कलिंगडं दिसायला लागली तोपर्यंत पोर पुन्हा एकटी बसायला लागली होती. पाच-सहा आठवडे गेले त्यात. मुलीचे पाच-सहा आठवडे.

मेमो आला तो त्या सहीनंतर तीनच दिवसांनी, लाखेचा शिक्का नाही एवढंच. मी उभ्या उभ्या वाचला आणि मला हसू फुटलं. 'आपणांकडे कीटो आहारावरील अडतीस बालरुग्णांची संपूर्ण जबाबदारी, तसेच सर्व वॉर्डांचे आहारनियोजन व स्वयंपाकघराची देखरेख एकट्यांकडेच सोपविलेली असताना आपण कसूर केली...' अहो, हेच तर मी चार अर्जांत सांगत होते! माझं काम कागदोपत्री सिद्ध होत नव्हतं, आणि मला झापायची वेळ आली तेव्हा बरोबर सिद्ध झालं. बाकी मेमो कसाही असो, हिशोब अचूक होता. मी त्याच्या दहा झेरॉक्स काढल्या. एक खुलाशाला जोडली, एक पाचव्या अर्जाला. 'सोबत: कामाचा भार सिद्ध करणारा कागद. स्वाक्षरी आपलीच.'

मला वाटलं, आता तरी दुसरं माणूस मिळेल. मी एवढी भोळी कशी, सव्वीस वर्षांनंतर?

पावसाळा सरता सरता उत्तर आलं. परिपत्रकच. 'आहारतज्ज्ञांवरील कामाचा ताण विचारात घेऊन कीटो आहारासाठी नवीन नोंदणी पुढील आदेशापर्यंत बंद करण्यात येत आहे.' आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! आणि आमचं सोमेश्वर तर गंगापूर रोडला, बंब तिथेही पोचला नाही. माझा ताण म्हणे. माझ्या नावाने, माझ्या काळजीपोटी मुलांना दार बंद. आणि हे दारात उभं राहून सांगायचं कोणी? मीच. दिवाळी गेली, मार्गशीर्षाचे गुरुवार गेले, आणि दर आठवड्याला कोणी ना कोणी आई चिठ्ठी घेऊन यायची आणि मी म्हणायची, "नोंदणी बंद आहे हो, पुढच्या महिन्यात चौकशी करा." असं म्हणताना मी टेबलावरचा काटा पुसत बसायची. माझा मलाच राग यायचा. त्या बाया मात्र एकही उलट बोलायच्या नाहीत. "बरं मॅडम," म्हणून जायच्या. उलट बोलल्या असत्या तर!

आणि आता परत बोरं आली, द्राक्षं आली. मी या वर्षी अडतिसाच्या अडतीस घरी वेळेत फोन केले. रजा टाकून केले, घरी बसून. तेवढंच मला जमलं.

गेल्या बुधवारी मंजुळाबाई आल्या. चौथी खेप. सुरगाण्याहून पहाटेची एसटी धरून, पुढे सीबीएस स्टँडवरून रिक्षा. सोनी आता सहा वर्षांची झाली. नाव यादीत लागलं तेव्हा पाच पुरी नव्हती. डोक्याला जाड टॉवेल गुंडाळून हनुवटीखाली बांधलेला, पडली तर लागू नये म्हणून. भुवईवर टाक्यांची खूण, एक जुनी, एक नवी. मंजुळाबाईंनी पिशवी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "बाई, यंदा तरी घेता का हिला? शाळेवाले नाय म्हणतात. सांभाळायची कोणी, म्हणतात."

मी तोंड उघडलं. 'नोंदणी बंद' हे दोन शब्द. तीन-चार महिन्यांची सवय होती, पण त्या दिवशी येईनात. मी उठले. सोनीचा हात धरला आणि म्हटलं, "मंजुळाबाई, चला माझ्याबरोबर."

प्रशासकांच्या केबिनबाहेरचा शिपाई म्हणाला, "साहेब मीटिंगमध्ये आहेत." मी म्हटलं, "असू देत, आम्हीपण मीटिंगलाच आलोय." आत साहेब एकटेच चहा पीत होते. मी दोन खुर्च्या ओढल्या, मायलेकींना बसवलं, आणि स्वतः उभी राहिले.

"साहेब, या मंजुळाबाई. गेल्या वर्षी तुम्ही मला यांचं नाव दाखवून म्हणाला होतात, त्या पोरीचा हक्क नाही का? ही ती पोर. परिपत्रकावर सही तुमची आहे. आजवर यांना नाही मी म्हणत आले. आज तुम्ही म्हणा."

"मॅडम, ही काय पद्धत झाली?"

"पद्धत मला माहीत नाही. त्यांना सांगा, जागा नाही."

साहेबांनी चष्मा काढला, परत घातला. मंजुळाबाई आपल्या गावची हकीकत सांगायला लागल्या, कधीपासून आकडी येते, कुठे कुठे दाखवलं. तेवढ्यात सोनीची मान गेली, थेट टेबलाच्या काचेवर. पण आपटली नाही. मंजुळाबाईंचा तळहात आधीच तिथे होता. त्यांनी तिकडे बघितलंही नाही, बोलणं तोडलं नाही. दोन मिनिटांनी परत मान गेली, परत तळहात. साहेब त्या हाताकडे बघत राहिले. चहावर साय धरली.

मग हळूच म्हणाले, "घ्या ना मॅडम ही एक. करा ऍडजस्ट."

हेच! सव्वीस वर्षं हेच. आयजीच्या जिवावर बायजी उदार. मी करणार हे त्यांना पक्कं माहीत असतं, म्हणून तर ते म्हणतात. आणि मी करते, म्हणून तर दुसरं माणूस येत नाही. माझा आवाज चढला, बाहेर शिपायाला ऐकू गेला असेल. गेला तर गेला.

"तोंडी नको, साहेब. लिहून द्या. एकोणचाळिसावं मूल घ्या, म्हणून लिहा. आणि एकोणचाळीस मुलांना आहारतज्ज्ञ एकच आहे, हे मला माहीत आहे, असंही लिहा. त्याखाली सही करा. उद्या काही झालं तर आईच्या नावाने शेरा नको, माझ्या नावाने मेमो नको. तुमचं नाव हवं."

सोनीने टेबलावरचा कागद दाबायचा काचेचा गोळा उचलला आणि डोळ्याला लावून साहेबांकडे बघितलं. साहेबांनी कोरा कागद ओढला. लिहिलं. खोडलं, परत लिहिलं. सही केली, खाली तारीख घातली, आणि माझ्याकडे सरकवला. मी सगळं वाचलं. दोन्ही वाक्यं होती.

"झालं समाधान?" साहेब म्हणाले, आणि पेनाला टोपण लावायला लागले.

"टोपण नका लावू, साहेब," मी म्हटलं. "बाहेर बाकावर अजून चौघी चिठ्ठ्या घेऊन बसल्यात."